डोळ्याची कोरणी

"ह्येका धार नाय गो," मामा, माझे सासरे, म्हणाले आणि त्यांनी कोरणी माझ्यापुढं सारवलेल्या जमिनीवर ठेवली.

पातं हातातून हातात द्यायचं नाही, ही आमच्या माहेरची रीत आणि सासरचीही. एकानं खाली ठेवायचं, दुसऱ्यानं उचलायचं, नाहीतर दोघांत भांडण लागतं म्हणे. मी उचललं. कालची सगळी दुपार मी या एवढ्याशा पात्यापायी निसण्याच्या दगडावर घालवली होती. अंगठ्याच्या नखावर ठेवून बघितलं. धार असली की पातं नखावर थांबतं, नसली की घसरतं. ते घसरलं.

"काल थांबली होती, मामा."

"काल थांबली आसतली. आज नाय."

"पुन्हा लावते."

"लाव. घाई नाय."

घाई कशी नव्हती? कार्तिकातली जत्रा तोंडावर आली होती. सासरच्या घराण्याकडं चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ. कातडं घासून पापुद्र्यासारखं करायचं, त्यावर राम, सीता, रावण काढायचे, बारीक कोरण्यांनी नक्षीची भोकं पाडायची, रंगवायचं आणि दिव्यापुढं पडद्यावर नाचवायचं. गावाच्या जत्रेत सीताहरणाचा मान आमचा. पण पावसाळ्यात उंदरांनी पेटीतलं मारीचाचं हरीण कुरतडून टाकलं होतं. हरणाशिवाय सीताहरण व्हायचं कसं?

नवं हरीण झालं होतं. रंगवून, काठी बांधून तयार होतं. फक्त डोळा राहिला होता. बाहुल्याचा डोळा सगळ्यात शेवटी उघडायचा, आणि उघडला की त्याच सांजेला ते बाहुलं दिव्यापुढं नाचवायचं, तसंच पेटीत ठेवायचं नाही, असा घराण्याचा नेम. डोळ्याला कोरणीही वेगळी. बाकीच्या कोरण्यांवर हातोडी मारतात, ही नुसती टेकवून एकदा फिरवायची. धार कमी असली तर कातडं फाटतं आणि डोळ्याला ठिगळ लावता येत नाही. म्हणून मामा म्हणतील तोवर धार लावणं हे माझं काम.

ते हरीण काढलं होतं माझ्या नवऱ्यानं. आषाढात माजघरात पालथं पडून, कोळशानं. जुनं हरीण नाकासमोर पळायचं. ह्यांनी नव्याची मान वळवली, पळता पळता मागं बघणारी. मामा तेव्हा म्हणाले होते, "पुढे बघीनासा पळला तर पडतला मां तां." हे हसले. म्हणाले, "पडतलाच आसा शेवटाक, बाबा. बघूक तरी दे तेका."

श्रावण सरता सरता भाताच्या चिखलातून लेप्टोचा ताप आला आणि यांना घेऊन गेला. मला तेव्हा चौथा महिना होता. हरीण नुसत्या रेघांचं होतं. नक्षी, रंग, सगळं मामांनी मागाहून केलं. कुणाशी न बोलता.

मी आजऱ्याची, लोहाराची मुलगी. आमच्या भट्टीवर विळे, कुऱ्हाडी, नांगराचे फाळ यायचे. एकदा आंबोलीचा घाट चढून एक पोरगा आला, रुमालात बारीक कोरण्या बांधून. सगळ्यांची टोकं मोडलेली. वडील म्हणाले, "एवढं बारीक मला आता दिसत नाही. वैजू करील." मी टोकं काढली, धार लावली. तो समोर बसून राहिला. महिन्याभरात पुन्हा आला, पुन्हा टोकं मोडलेली. तिसऱ्या वेळी वडिलांनी एक कोरणी उजेडात धरली आणि म्हणाले, "दिगंबरराव, ही कामानं मोडलेली नाही. दगडावर आपटलीय."

तो खाली बघत म्हणाला, "घाट चढूक कायतरी कारण होया ना."

वडील इतके हसले की भाता ओढायचा थांबला. लग्नात त्यांनी डोळ्याची कोरणी घडवून दिली. मागचा दांडा साध्या लोखंडाचा, टोकाला जुन्या वस्तऱ्याचं पोलाद. "पोलाद एवढंच आहे," नखाचं पेर दाखवत म्हणाले. "प्रत्येक धार त्यातलं थोडं खाते. जपलंस तर नातवंडं वापरतील. पुढं मऊ लोखंड लागलं की संपलं, त्यावर धार बसत नाही."

तीच ही कोरणी.

मी पुन्हा धार लावली. आधी खरखरीत दगड, मग निसणा, शेवटी कातड्याचा पट्टा. पट्टा म्हणजे यांचा कमरेचा. खुंटीवर होता, तोच मी घेतला होता. नखावर पातं थांबलं. मामांच्या पाटाशी ठेवून आले.

दुसऱ्या दिवशी मामा म्हणाले, "नाय गो. धार नाय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं. नवरा गेला, माहेर घाटावर राहिलं, या घरात मला येत असलेली एकच गोष्ट होती आणि तीही रोज खाली आपटली जात होती.

त्याच सांजेला पुंडलिक गावकार आले. देवळाचे मानकरी, कधी ओट्यावर चढत नाहीत, अंगणातूनच बोलतात.

"आत्माराम, हरण झाला?"

"झाला. डोळो रवलो."

"डोळो एवढोसो, आणि पंधरा दिवस तो रवलो!" गावकारांनी पान थुंकलं. "तुझां दुख माका समजता. पण गाव समजूक होयो. वरच्या वाडीतले विचारतत, आमी करू काय म्हणून. त्यांच्याकडे हरण आसा, डोळ्यासकट. एकदा मान गेलो की परत येना नाय."

"होतला," मामा म्हणाले.

"कधी?"

"सुनेक विचार. धार लावता ती."

गावकार माझ्याकडं बघायला लागले. मी पदर ओढून आत आले. चुलीपुढं आत्या, माझ्या सासूबाई, नारळ खवत होत्या. त्या सगळं ऐकत होत्या, पण हात थांबला नव्हता. हे गेल्यापासून आत्या रडल्या नव्हत्या. गावातल्या बायका त्यावरून कुजबुजायच्या. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, सगळे हवालदिल झाले, तर आत्या म्हणाल्या होत्या, "कधी वेळार जेवलो तो, आज जेवतलो?" आणि सोलकढीला नारळ फोडायला निघून गेल्या होत्या.

"आत्या," मी म्हटलं, "माझी कोरणी कुणीतरी वापरतंय."

"खंयची?"

"डोळ्याची. मी धार लावून ठेवते आणि सकाळी ती बोथट."

"मगे? माझ्याकडे कित्याक बघतस?"

"काल बांगडे साफ केलेत तुम्ही."

आत्यांनी खवणीवरून मान वर केली. "गो घाटणी, बांगड्याक विळी लागता. ह्या एवढ्याश्या काडयेन मी काय बांगड्याच्यो मिशयो काढू? तुमच्या घाटार बांगडो सुको येता, म्हणान तुका वाटता तो कागदासारखो कापतत." मग हात पुढं केला. "हाड हडे. वास घेव. माशाक वास येता, पात्याक लागलो तर दोन दिस जाना नाय."

मी कोरणी खाली ठेवली. त्यांनी उचलून नाकाशी नेली, मग चुलीच्या उजेडात धरली. धारेत तांबडी भुकटी बसली होती. अगदी बारीक, कुंकवासारखी.

"हे काय?" मी विचारलं.

आत्या बघत राहिल्या. त्यांनी ती भुकटी बोटानं पुसली, बोट पदराला पुसलं.

"पडली आसतली खंय," म्हणाल्या. "लाव परत धार." आणि पुन्हा खवायला लागल्या. जोरात.

तांबडी भुकटी म्हणजे जांभा. आमच्या घराच्या भिंती, पायऱ्या, विहिरीचा काठ, सगळं त्याच दगडाचं. पडून धार अशी जात नाही. पडली तर एका जागी टवका उडतो. ही धार सबंध गेली होती, एकसारखी, जणू कुणी सांभाळून मारली होती.

दुसऱ्या दुपारी सगळं निजल्यावर मी कळशी घेऊन मागच्या दारानं निघाले. विहिरीच्या पायरीवर मामा बसले होते, पाठमोरे. शेजारी हरीण होतं. उन्हानं कातडं वळू नये म्हणून त्यावर त्यांनी आपला पंचा घातला होता. मामांच्या हातात कोरणी होती. त्यांनी ती जांभ्यावर टेकवली आणि हलकेच ओढली. नखावर ठेवून बघितली. पुन्हा ओढली. पुन्हा नखावर. घसरली तेव्हा त्यांनी पंच्याचं टोक उचलून हरणाच्या तोंडाकडं बघितलं, जिथं डोळा यायचा तिथं अंगठा फिरवला आणि पुन्हा झाकलं.

मी कळशी न वाजवता मागं फिरले. माजघरात येऊन खुंटीवरच्या पट्ट्याखाली बसले. आजऱ्याच्या भट्टीपुढं खाली मान घालून बसलेला पोरगा मला दिसत होता. घाट चढायला कारण हवं होतं त्याला. मामांना डोळा न उघडायला हवं होतं.

त्यानंतरचे दिवस आम्ही दोघांनी तसेच काढले. मी धार लावायची, ते मारायचे. ते म्हणायचे, "नाय गो," मी म्हणायचे, "लावते." माझा राग गेला होता. मी पट्ट्यावर दहा हात जास्तच फिरवत होते. त्यांना मारायला तेवढाच वेळ लागावा.

पण कोरणी काही आमच्या दोघांची भीड धरणार नव्हती. जत्रेच्या दोन दिवस आधी मी पातं पुसून उजेडात धरलं तर पोलादाची चमकती कड रेघेएवढी उरली होती. तिच्यामागं काळं, मऊ लोखंड.

मी मामांच्या पुढं जाऊन बसले. ते हरणाच्या काठीचा दोरा उगाच सोडून पुन्हा बांधत होते.

"मामा, पोलाद संपत आलं."

त्यांचा हात थांबला. "किती वेळा होतला आजून?"

"एकदा."

"तुझो बापूस दुसरी करून दितलो."

"देतील. पण ती दुसरी असंल."

त्यांनी दोऱ्याची गाठ आवळली. मग म्हणाले, "डोळो उघडलो की नाचवचा लागता. त्याच सांजेक."

"माहीत आहे."

"नाचवला की बाण लागता." त्यांनी दोरा दातानं तोडला. "कोणाच्या हातान लागता? एका हातात राम, दुसऱ्या हातात हरण. दोनय माझेच हात मां गो, वैजू."

त्यांनी मला नावानं हाक मारली ती तेव्हा पहिल्यांदा. एरवी 'पोरी' नाहीतर नुसतं 'गो'.

पोटातलं बाळ हललं, मी हात ठेवला. मग म्हटलं, "डोळाच नाही तर ते मागं बघतंय कशाला, मामा? त्यांनी मान वळवून ठेवलीय. कधीची अवघडली असंल."

मामांनी हरीण उचलून उभं धरलं. माझ्याकडं बघितलं नाही.

"जत्रेच्या दिवशी लाव," म्हणाले. "दुपारी. आणि माझ्या हातीच दी. खाली नको ठेव."

"भांडण लागतं."

"लागांदे. बोलूक कोणतरी होया."

जत्रेच्या दुपारी मी माझ्या आयुष्यातली सगळ्यात हळू धार लावली. खरखरीत दगड वापरलाच नाही. निसण्यावर पाण्याचे थेंब टाकत, पातं मोजकं सरकवत. पट्ट्यावर तर किती वेळ, मला आठवत नाही. आत्या दोनदा दाराशी येऊन गेल्या. नखावर ठेवलं तर हलेना, सुटायलाही तयार नव्हतं.

मामांनी अंघोळ केली होती. चिंचेच्या ठोकळ्यावर हरीण अंथरलं होतं. मी कोरणी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी टोक टेकवलं, डोळे मिटले आणि मनगट एकदा फिरवलं.

आवाज झाला नाही. तिळाएवढा कातड्याचा कण ठोकळ्यावर पडला. मामांनी हरीण दाराच्या उजेडात धरलं तशी उन्हाची एक टिकली माझ्या पदरावर पडली. त्यांनी हरीण फिरवलं आणि ती पोटावरून जरा इकडं, जरा तिकडं झाली.

"बघता हां," मामा म्हणाले.

दिवेलागणीला देवळाच्या अंगणात पडदा बांधला. मी बायकांत पुढं बसले होते. पडद्यामागं मामा, मृदंगावर चुलतदीर, टाळांवर आत्या. बाईमाणसानं टाळ धरायचे, गळा लावायचा नाही, अशी पद्धत. सगळे आवाज मामांचे. रामाचा, सीतेचा, राक्षसाचा.

हरीण आलं तेव्हा पोरं ओरडली. उड्या मारत आलं, गवत हुंगलं, सीतेपुढं मिरवलं. राम मागं लागला. हरीण पळालं आणि पळता पळता त्याचं तोंड मागं, डोळ्याच्या जागी दिव्याचा एक लखलखीत ठिपका. माझ्या शेजारची म्हातारी म्हणाली, "गो बाय, ह्या तर बघता." मी हो म्हटलं.

बाण सुटला. हरणाला लागला. आता मारीच मरताना रामाच्या आवाजात ओरडतो, 'धाव रे लक्ष्मणा'. तो हाकारा आला की सीता लक्ष्मणाला पाठवते आणि कथा पुढं जाते.

हाकारा आला नाही.

हरीण पडद्यावर उभं होतं. बाण लागलेला, मान वळवलेली. मृदंग वाजत राहिला, मग चाचपडला. टाळ वाजत होते. गावकार खाकरले. मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच म्हणालं, "आत्माराम विसारलो काय?" वरच्या वाडीतले एकमेकांकडं बघायला लागले. मी पडद्याच्या कडेनं मामांचे पाय बघत होते. ते हलत नव्हते. मला वाटलं, उठावं, आत जावं. पण जाऊन करणार काय होते? मला धार लावता येत होती, ओरडता येत नव्हतं.

टाळ थांबले.

"धाव रे," पडद्यामागून आवाज आला. "धाव रे माझ्या लक्ष्मणा."

तो बाईचा होता. असा आवाज त्या खेळात कधी कुणी ऐकला नव्हता. पहिल्यांदा घोगरा, गंजल्यासारखा. दुसऱ्यांदा पोटातून आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्यात लक्ष्मण राहिला नव्हता, नुसतं "धाव रे, धाव रे" होतं, आणि ते थांबेना. श्रावणापासून अडवलेलं सगळं त्या वाटेनं चाललं होतं. अंगणात कुणी खोकलं नाही. ज्या बायका कुजबुजत होत्या त्यांनीच पदर तोंडाला लावले.

मग पडद्यावरचं हरीण हळूहळू गुडघ्यांवर आलं. एका कुशीवर झालं. दिवा मागं होता, त्यामुळं डोळ्यातला ठिपका तसाच राहिला, पुढं मामांनीच ते बाजूला घेईपर्यंत.

सीता बोलली ती मामांच्या आवाजात, जराशी बसलेल्या. खेळ पुढं गेला, पुरा झाला. गावकार उठता उठता कुणाला तरी म्हणाले, "आज हाकारो लागलो."

मान आमच्याकडंच राहिला. मामांनी मात्र त्यानंतर कातड्याला हात लावला नाही. खेळ करायचे, नवं बाहुलं करायचे नाहीत. चार वर्षांमागं गेले. खेळ आता चुलतदीर करतात आणि हाकारा दरवर्षी आत्या देतात. ती आता पद्धतच झाली आहे, लहान पोरांना वाटतं पहिल्यापासून तशीच होती. इतर दिवशी त्या बांगड्यांवरून मला बोलतात.

माझी लेक निजली की, नाहीतर शाळेत असली की, मी हे लिहायला बसते. काल ती लवकर उठून मागून आली. मी कोरण्यांची पेटी उघडून बसले होते.

"आई, ही एवढीशी कसली?"

"डोळ्याची."

"हिला धार आहे?"

त्या दुपारनंतर ती कुणी वापरली नव्हती. मी नखावर ठेवली. थांबली. माझं मलाच नवल वाटलं.

"बघू," म्हणून लेकीनं हात पुढं केला. बापासारखी लांब बोटं आहेत तिची. मी कोरणी जमिनीवर ठेवली.

तिनं उचलली.